भूक ठेवून उठणारी मंडळी

सरकारी दवाखान्यात औषधांच्या रिकाम्या बाटल्या साठतात तसे किस्से साठतात. फेकायचं जिवावर येतं, ठेवायला जागा नसते, आणि एखादीचं बूच काढलं की इतक्या वर्षांनीही जुना वास येतो. माझी सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली, म्हणून लोक मला गाईम्हशींचे किस्से विचारतात. तेही आहेत, पोत्यानं आहेत. पण आज काढतोय ते आमच्या रविवारच्या ख्रिस्ती मंडळीचे, ऐंशीच्या दशकातले, मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याकडचे.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल. मी जनावरांचा डॉक्टर नव्हतो, डॉक्टरांचा सहायक होतो. पण सौंसरला बैलाला सुई टोचणारा प्रत्येक जण डॉक्टरच. वय तेव्हा पस्तीस, लग्न झालेलं नाही. छिंदवाड्याला आई होती तोवर ती रोज सकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्यानं वाचायची आणि मी दाढी करता करता ऐकायचो. मला वाटायचं, देवाच्या वचनाची मला केवढी ओढ! मग आई गेली, माझी बदली सौंसरला झाली, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की ओढ आईची होती, मी नुसता शेजारी उभा होतो.

पुस्तक उघडायचो. डोळे ओळींवरून जायचे. आत काहीच हलायचं नाही. जनावर वैरणीवरून तोंड फिरवायला लागलं की आम्ही लगेच कामाला लागतो, कारण ते पाण्यावाचून जातं तसं भूक मेल्यावरही जातं. माझ्या बाबतीत कामाला लागणारं कोणी नव्हतं. ही भूक आता परत येणारच नाही, अशी मला खरोखर भीती वाटायची, आणि हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मंडळीत तर नाहीच नाही.

*

मंडळी म्हणजे किती? तर चार माणसं.

पांढुर्ण्याचे साळवेकाका, मालगाडीचे रिटायर्ड गार्ड, बायको वारलेली, स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत एकटे. सौंसरच्या मार्थाबाई, सरकारी नर्स, खेड्यापाड्यांत बाळंतपणं करत फिरणाऱ्या. रामाकोन्याच्या राहेलबाई, साठी उलटलेल्या. नवरा संत्र्याच्या बगिच्यात राखणदार होता, तो गेल्यावर दोन-चार बकऱ्या पाळून राहायच्या, अक्षरओळख नव्हती. आणि चौथा मी. दोघं-तिघं जमले तरी देव तिथं असतो असं शास्त्रात आहे. म्हणजे आमच्याकडे एक माणूस जादाच होता.

आता तिघं सौंसरकडचे आणि एकटा पांढुर्ण्याचा, तर उपासना कुठे व्हायला हवी? सरळ हिशोब आहे. पण दर रविवारी आम्ही तिघं बस धरून पांढुर्ण्याला जायचो, कारण पेटी काकांकडे होती. तिचा एक स्वर मुका होता आणि भाता फुसफुसायचा, तरी काका ती हलवायला तयार नव्हते.

"पेटी सौंसरला नेऊ ना काका," मी एकदा म्हटलं. "बसच्या टपावर नीट बांधू."

"डॉक्टर," काका म्हणाले, "पस्तीस वर्षं मी मालगाडीवर होतो. लोकाईच्या सामानाचं रस्त्यात काय होते, ते मले सांगू नका."

*

काकांची उपासना दहा वाजून सतरा मिनिटांनी सुरू व्हायची. सव्वादहा नाही, साडेदहा नाही, दहा सतरा. का, ते विचारायची सोय नव्हती.

त्या सुमाराला रविवारी सकाळी टीव्हीवर एक धार्मिक मालिका लागायची आणि त्या वेळेत सगळे रस्ते ओस पडायचे. एका रविवारी आमच्या बसच्या ड्रायव्हरनं वाटेतल्या एका गावात बस थांबवली, किल्ली खिशात टाकली आणि तो समोरच्या घरात टीव्ही पाहायला जाऊन बसला. त्याच्यामागे कंडक्टर. कंडक्टरच्या मागे सगळी बस. आम्ही तिघं पाच मिनिटं एकमेकांकडे पाहत बसलो, मग राहेलबाई म्हणाल्या, "बसून काय करून राहिलो आपन?" आणि त्याही उतरल्या.

पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा पावणेअकरा होऊन गेले होते. काकांचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला, "मंडळींनो, उभे राहा." खिडकीतून पाहिलं तर समोर तीन रिकाम्या खुर्च्या, आणि काका पेटीमागून स्वतः उठून उभे राहिलेले. पूर्ण गीत म्हटलं त्यांनी, चारही कडवी. मग "बसा" म्हणाले आणि बसले.

आम्हाला आत जाववेना. दाराबाहेर तसेच उभे राहिलो. मार्थाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मला त्या माणसाचा हेवा वाटला, हे आज कबूल करतो. रिकाम्या खुर्च्यांसमोर त्याला भूक होती, आणि मला भरल्या खुर्च्यांत बसूनही ती लागत नव्हती.

शेवटची प्रार्थना झाल्यावर काकांनी दार उघडलं. आम्हाला पाहून घड्याळ पाहिलं.

"गाडी गेली," ते म्हणाले. "चहा उरला हाये."

*

काकांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच मंडळीत पाहिली नाही. शास्त्रातली गोष्ट वाचायला घेतली की ते ती ऐन मध्यात तोडायचे. कोणी विहिरीत ढकललेला असो, कोणी वादळात सापडलेला असो, पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, "थोडी भूक ठेवून उठावं." राहेलबाई दर वेळी लहान मुलीसारख्या विचारायच्या, "मंग?" आणि काका दर वेळी चहा ठेवायला उठायचे.

मी या पद्धतीचा अर्थ माझ्या सोयीनं लावला. पुढचं पुढच्या रविवारी, म्हणजे मधले सहा दिवस पुस्तकाला हात लावायचा नाही, असा इथला नियम आहे. छान नियम! वर्षभर मी तो इतका कडक पाळला, की माझं पुस्तक कपाटात औषधांच्या खोक्याखाली जाऊन बसलं.

एका रविवारी चहा पिताना काकांनी सहज विचारलं, "कोणी पुढं वाचून पाह्यलं का?"

मार्थाबाई म्हणाल्या, "मी तर त्याच रात्री संपवलं काका. राहवलंच नाही."

काका माझ्याकडे वळले. मी ताठ बसलो. मला वाटलं, शाबासकी आपल्यालाच मिळणार. म्हटलं, "मी नाही काका. एका वर्षात एकदाही नियम मोडला नाही."

काकांनी बशी खाली ठेवली. मग हळू म्हणाले, "डॉक्टर, मी तुमाले उपाशी ठेवासाठी थांबत नव्हतो."

*

एकदा काकांनी नवजात बाळाच्या दुधाचा विषय घेतला. माणसाला देवाच्या वचनाची तशी ओढ हवी, वगैरे. बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "इथं दोन सरकारी तज्ज्ञ बसले हायेत, त्याईलेच विचारू. पिल्लाला दूध प्यायला शिकवते कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही. वासरू पडलं की पायावर उभं राहायच्या आधीच तोंडानं चाचपायला लागतं. चुकीच्या जागी चाचपतं, आईच्या गुडघ्याला चाटतं, पण थांबत नाही." बोलताना मला फार बरं वाटलं. माहितीच्या गोष्टी बोलायला मला नेहमीच बरं वाटतं.

मार्थाबाई म्हणाल्या, "पोराचंही तसंच. पण कधी कधी धडधाकट पोरगं दूध धरते आणि सोडते, धरते आणि सोडते, अन् रडते. घरचे म्हणतात याले भूक नाही. मी आधी नाक पाहतो. नाक चोंदलेलं असते. भूक भरपूर असते, पण पिता पिता श्वास घेता येत नाही त्याले."

काका खूश झाले. त्या दिवसाचं प्रवचन तिथंच संपलं.

परत येताना बसमध्ये मार्थाबाई माझ्या पुढच्या बाकावर होत्या. बाहेर संत्र्याचे बगिचे मागे जात होते, बहर नुकताच गळून गेला होता. मान न वळवता त्यांनी विचारलं, "तुमचं कायनं चोंदलं, डॉक्टर?"

"धूळ फार आहे या रस्त्यानं," मी म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

*

सौंसरला माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे गजभिये गुरुजी राहायचे. प्राथमिक शाळेत मास्तर, बौद्ध, स्वभावानं शांत. रोज पहाटे पाचला त्यांची वंदना सुरू व्हायची. घरातली सगळी मंडळी एका सुरात म्हणायची, आणि मी अंथरुणात पडून ऐकायचो. उठायची वेळ मला त्यावरूनच कळायची.

एकदा त्यांनी अंगणात दात घासता घासता विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडेही सकाळी काही वाचतात असं ऐकलं होतं. आवाज येत नाही."

"आम्ही मनात वाचतो, गुरुजी."

"बरं आहे," ते म्हणाले. खोटं पकडल्याची एक रेघसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर उमटली नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं.

त्या हिवाळ्यात गुरुजींना टायफॉइड झाला. बायको-मुलं सेवेत, घर सुन्न. पहाटेचा आवाज बंद झाला. तीन दिवस मी उशिरा उठलो, चौथ्या दिवशी अंधारातच जाग आली आणि भिंतीकडे तोंड करून मी वाट पाहत राहिलो. तेवढं एकाकी मला आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरात निदान माणसं होती.

सकाळी गुरुजींना पाहायला गेलो. म्हटलं, "तुमचा आवाज नाही, तर चुकल्यासारखं होतंय."

गुरुजी खाटेवर पडूनच हसले. "माझा घसा बसला आहे. तुमचा तर नाही ना? उद्या तुम्ही वाचा, तुमचंच काही. मी इकडून ऐकतो."

मी म्हणालो, "उद्या सकाळी ड्यूटी आहे जरा लवकर."

ड्यूटी नव्हती.

*

नागपूरहून एक पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, यायचे, वर्षातून एखादेवेळी. विद्वान माणूस. एकदा त्यांनी सोबत कापडी चार्ट आणला आणि काकांच्या कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला. मथळा होता, आत्मिक भूक वाढवण्याच्या सात पायऱ्या. प्रत्येक पायरी वेगळ्या रंगात. मी वही काढली, कारण हे माझ्याच कामाचं होतं.

पहिल्या पायरीला पाऊण तास लागला. त्या दिवशी काकांनी पाहुण्यांसाठी स्वतः भाकरी, झुणका, वांग्याची भाजी केली होती. सगळा वास बाहेरच्या खोलीत येत होता. तिसऱ्या पायरीला दुपारचा एक वाजला. राहेलबाई पहाटे रामाकोन्याहून निघालेल्या होत्या.

चौथ्या पायरीवर पाळकांना लक्षात आलं की म्हातारीला चार्ट वाचता येत नाही. ते प्रेमानं वाकून म्हणाले, "आजी, तुम्हाला समजतंय ना? भूक कशी वाढवायची ते?"

"समजून राहिलं बाबाजी," राहेलबाई म्हणाल्या. "भूक कशी लागते ते सांगू नका. भाकर वाढा, लागते आपोआप."

उरलेल्या तीन पायऱ्या अजून माझ्या वहीत कोऱ्या आहेत.

*

मग मंडळी मोडायला लागली.

आधी मार्थाबाईंची बदली झाली, पार मंडल्याकडे. जाताना त्यांनी मला सर्दीवरच्या थेंबांची बाटली दिली, सरकारी स्टॉकमधली. नंतर काकांचा मुलगा इटारसीहून आला. काकांचे डोळे गेले होते, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं बिघडली होती. एकट्यानं राहणं शक्यच नव्हतं.

शेवटच्या रविवारी आम्ही तिघंच. मी वाचायचं आणि काकांनी थांबवायचं, असं ठरलं. दुष्काळात धान्य आणायला परमुलखात गेलेल्या भावांची गोष्ट चालू होती. ज्याला त्यांनी लहानपणी विकून टाकलं तोच भाऊ तिथला मोठा अधिकारी झालेला, आणि यांना पत्ता नाही. निघताना त्यांची पोती तपासली जातात, आणि सगळ्यांत धाकट्याच्या पोत्यात अधिकाऱ्याचा चांदीचा पेला सापडतो.

"थांबा," काका म्हणाले.

"मंग?" राहेलबाई म्हणाल्या.

या वेळी चहा ठेवायला कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांना पोचवायला पांढुर्णा स्टेशनवर गेलो. पेटी त्यांनी मला दिली होती. म्हणाले, तुम्हीच टपावर बांधून न्या, मी पाहणार नाही. ते खिडकीशी बसले. आयुष्यभर या माणसानं गाड्या सोडल्या होत्या, आणि आज पहिल्यांदा कोणी त्याला सोडायला आलं होतं. मागे गार्डानं शिट्टी दिली. काकांना दिसत नव्हतं, पण शिट्टी ऐकल्याबरोबर त्यांचा हात खिडकीतून बाहेर आला आणि हवेत हिरव्या झेंडीसारखा हलायला लागला. प्लॅटफॉर्म संपेपर्यंत तो हात आत गेला नाही.

मी त्या दिवशी रडलो. पण खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. आता कोणी विचारणार नव्हतं, पुढं वाचलं का म्हणून.

*

आता शेवटचा.

काका गेल्यावर चार रविवार मी खोलीत पडून काढले. पेटीवर धुतलेले कपडे ठेवायला सोय झाली. पुस्तक औषधांच्या खोक्याखालीच होतं. माझा निर्णय जवळजवळ झालाच होता की काही माणसांना ही भूक नसते, जसे काही जण जन्मभर गोड खात नाहीत, आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. फक्त संध्याकाळ फार लांबायची.

पाचव्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, दवाखान्याच्या आवारात गर्दी होती. लिंबाखाली बैलांची रांग. त्यात राहेलबाई उभ्या, हातात दोरी, दोरीला एक काळी बकरी.

"काय झालं हिला?"

"खाऊन नाही राहिली, डॉक्टरसाब."

मी ताप पाहिला. नॉर्मल. डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. तोवर बकरीनं शेजारच्या माणसाच्या पेंढीतला चारा ओढायला सुरुवात केली होती.

"राहेलबाई, ही तर खातेय."

"इथं खाऊन राहिली. घरी नाही खात." मग त्या पायरीवर बसल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "डॉक्टरसाब, त्या लहान्या भावाच्या पोत्यात पेला सापडला न. पुढं काय झालं त्याचं? साळवेसाहेब त चालले गेले."

तेव्हा मला सगळा डाव समजला. म्हणजे समजला असं वाटलं. पिशवीतून त्यांनी लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक काढलं. नवऱ्याचं होतं, पानं कडांना तपकिरी झालेली. बकरीच्या निमित्तानं रामाकोन्याहून आलेली म्हातारी, तिला नाही कसं म्हणणार? मी ते उघडलं आणि सरकारी परिपत्रक वाचावं तसं एक पान वाचलं. बैल धरून उभा असलेला एक शेतकरी ऐकत होता. पान संपल्यावर त्यानंच विचारलं, "मंग? सोडलं का त्या पोराले?"

"आज एवढंच," मी म्हटलं. राहेलबाईंनी मान डोलावली, पुस्तक बांधलं, बकरीची दोरी धरली आणि गेल्या.

आवारात आलेल्या प्रत्येक जनावराची नोंद करावी लागते. रजिस्टरात लिहिलं: शेळी, काळी, रामाकोना. तक्रार, भूक मंद. उपचार, चालू.

पुढच्या बाजाराला त्या पुन्हा आल्या. तीच बकरी, तीच तक्रार. त्याच्या पुढच्याही बाजाराला. दर वेळी एक पान, पायरीवर बसून. मोठा भाऊ पुढे होऊन म्हणतो, धाकट्याला सोडा, त्याच्या जागी मला ठेवा, नाहीतर आमचा म्हातारा बाप जगायचा नाही. तिथं मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. मी पाणी प्यालो. राहेलबाई दुसरीकडे पाहत होत्या.

चौथ्या वेळी मला माझंच आश्चर्य वाटलं. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी खोक्याखालून माझं पुस्तक काढलं, आपण कुठवर आलोय ते पाहायला, फक्त खूण शोधायला. खूण सापडली, आणि मी वाचत बसलो. चहा गार झाला. पाचव्या वेळी राहेलबाईंना यायला उशीर झाला, तर मी हातातली इंजेक्शनची पिचकारी तशीच धरून दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. सकाळी दाढी करताना एक ओळ तोंडात घोळत होती, आणि ती आईच्या आवाजात नव्हती. माझ्याच आवाजात होती. हे काय होतंय ते मला कळत होतं, पण कबूल करायची लाज वाटत होती.

सहाव्या बाजाराला छिंदवाड्याहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले. टेबलाशी बसून त्यांनी रजिस्टर चाळलं. एका ठिकाणी बोट थांबलं, पान उलटलं, पुन्हा थांबलं.

"ही रामाकोन्याची शेळी. पाच आठवडे भूक मंद. उपचार चालू. कसला उपचार? औषधाची एकही नोंद नाही. जिवंत आहे की मेली?"

तेवढ्यात राहेलबाई दोरी धरून फाटकातून आत आल्या. साहेब स्वतः उठले. त्यांनी बकरी तपासली, जीभ पाहिली, पोटाला हात लावला.

"अरे, ही तर ठणठणीत आहे. गाभण आहे. हिला काय झालंय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. बाईंना वाचता येत नाही. आमच्या शास्त्रातली एक गोष्ट ऐकायची अर्धी राहिली होती, त्यासाठी येतात. आजारी कोणी नाही. त्यांना पुढचं ऐकल्याशिवाय राहवत नाही, म्हणून मी वाचून दाखवतो. नोंद तेवढी खोटी झाली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग राहेलबाईंकडे.

"बाई, एवढ्या लांबून बकरी घेऊन गोष्ट ऐकायला येता? अशी कोणती गोष्ट आहे ती?"

राहेलबाईंनी बकरी लिंबाला बांधली, पिशवीतून पुस्तक काढलं आणि फडक्याची गाठ सोडायला लागल्या.

"गोष्ट त मले लहानपनापासून पाठ हाये, साहेब," त्या म्हणाल्या. "या डॉक्टरसाबच्यानं एकट्यानं वाचनं होऊन नाही राहिलं, म्हून येतो."